तिसरा रकाना

सरकारने घरच्या घरी बिअर काढायला परवानगी दिली, त्या वर्षी ज्वारी इतकी पिकली होती की ती ठेवायची कुठे हा प्रश्न थेट मंत्रिमंडळापुढे गेला. लोक भाकरी खात नसतील तर त्यांना ज्वारी प्यायला लावू, असं कुणाच्या तरी सुपीक डोक्यातून निघालं. परवान्याचा फॉर्म चार पानांचा होता. तिसऱ्या पानावर 'घरात पाळीव प्राणी आहे काय?' असा प्रश्न होता. त्याच्यापुढे 'असल्यास त्याची सही' एवढंच छापायचं राहून गेलं होतं.

संभाजीनगरच्या सिडकोत राहणाऱ्या त्र्यंबकराव टाकसाळ्यांनी फॉर्म पहिल्याच दिवशी भरला. एकतीस वर्षं ते वाळूजच्या एका बिअर कारखान्यात गुणवत्ता तपासनीस होते. म्हणजे पगार घेऊन चव बघायचे. ती सवय निवृत्तीनंतर बिनपगारी चालू राहिली, याला त्यांच्या पत्नी कुमुदताई समाजसेवा म्हणत. कुमुदताईंनी शाळेत भूगोल शिकवला होता आणि नवऱ्याला चिमटे काढण्यात त्यांचा हात कुणी धरत नव्हतं.

यंत्र फ्रीजएवढं होतं. वरून मोड आणून वाळवलेली ज्वारी, पाणी आणि कडवट चवीसाठी हॉप्स नावाच्या फुलांच्या गोळ्या टाकायच्या. नवव्या दिवशी बिअर तयार. नळ मात्र ओट्यावर हवा होता. ओट्याच्या डाव्या बाजूला पिण्याच्या पाण्याचा नळ होता, तो उजवीकडे सरकवला आणि त्याच्या जागी बिअरचा बसवला. दोन्ही सारखेच चकचकीत, दोन्हींना खाली दाबायची दांडी.

"बावीस वर्षं डावीकडून पाणी घेतलंय मी," कुमुदताई म्हणाल्या. "आता या वयात हाताला नवा नकाशा शिकवायचा."

"शिकेल. मास्तरणीचा हात आहे."

घरात तिसरा जीव होता तो फौजदार. गावठी, पिवळट, एक कान उभा आणि एक रजेवर. पिल्लू असताना हा दारात आला आणि त्याने पहिल्याच दिवशी सगळ्या चपलांचा पंचनामा केला, म्हणून हे नाव. पुढचे पाय ओट्यावर टेकले की त्याचं नाक बरोबर नळाच्या दांडीपाशी पोचायचं. महिन्याभरात त्याने शोध लावला की दांडीला नाक लावलं की वरून काहीतरी पडतं. त्या दिवशी तो पेंगत, आपटत, दाराच्या चौकटीवर भुंकत घरभर फिरला. त्र्यंबकराव हसले. संध्याकाळी त्याचं अंग तव्यासारखं तापलं, तेव्हा हसू थांबलं.

"दारू तर वाईटच," जनावरांच्या डॉक्टर सय्यद मॅडम सलाईन लावता लावता म्हणाल्या, "पण हॉप्स जास्त वाईट. कुत्र्याला विषच ते. ताप चढत जातो आणि उतरत नाही. हा वाचला. पुन्हा झालं तर माझ्याकडे आणायची तसदी घेऊ नका, तेवढा वेळच मिळणार नाही."

त्र्यंबकरावांनी पुण्याला भाचीला फोन केला. केतकी यंत्रांच्या कुलपांवर काम करायची. तिच्या कंपनीपुढे अशाच तक्रारींची रांग लागली होती. कुठे मांजर, कुठे पोपट, एका घरी तर कासव. ते ओट्यावर चढलं कसं, हे कंपनीला शेवटपर्यंत कळलं नाही. आठवड्याने केतकी स्वतःच एक नमुना घेऊन आली. दांडीभोवती बसवायचं बांगडीएवढं कडं आणि बाजूला काडेपेटीएवढा पडदा.

"हे कोण आलंय ते बघत नाही, मामा. ठरवून आलंय का, एवढंच बघतं."

"म्हणजे?"

"तुम्ही पेल्याकडे हात नेता ना, तेव्हा शेवटच्या चार बोटांच्या अंतरात हात आपोआप हळू होतो. बोटं आधीच पेल्याच्या मापाने उघडलेली असतात. मेंदूने हात निघायच्या आधी सगळं गणित केलेलं असतं. कुत्र्याचं नाक असं येत नाही. ते येऊन धडकतं."

कड्याभोवती अगदी क्षीण असं विद्युत क्षेत्र असे. त्यात शिरणाऱ्या प्रत्येक वस्तूमुळे ते किंचित वाकायचं, आणि त्या वाकण्यावरून कुलूप स्पर्शाआधीचा अर्धा सेकंद वाचायचं. वेग कसा उतरला, बोटं केव्हा उघडली, वाट सरळ होती की भरकटली. त्यावरून ते शंभरपैकी एक आकडा काढायचं. हा हात आपण कुठे चाललोय हे किती जाणतो, त्याचा तो आकडा. निश्चयी हाताला ऐंशी-नव्वद, फौजदारच्या नाकाला नऊ.

"सत्तरच्या वर माणूस, तीसच्या खाली प्राणी," केतकी म्हणाली. "मधलं सगळं अनिश्चित. तिथे नळ उघडणार, पण पडद्यावर पिवळा दिवा लागणार, की बाबा, जरा लक्ष द्या."

त्र्यंबकरावांनी चष्मा काढला. हा त्यांच्या आयुष्याचा विषय होता. "केतके, एकतीस वर्षांत मी संशयित बाटल्यांसाठी फडताळ ठेवू दिलं नाही. बाटली एकतर पास, नाहीतर नापास. फडताळ ठेवलं की माणसं निर्णय घ्यायचे थांबतात, सगळं फडताळावर जातं. गिऱ्हाईक नळाकडे बिअर मागायला येतं, नळाचं मत मागायला नाही. पन्नासवर रेघ मार. वर माणूस, खाली प्राणी. संपलं."

"पण मामा, मधले काही—"

"मधलं काही नसतं."

कुमुदताई ताक घुसळत होत्या. "माझ्या शाळेत काठावर पास असायचं हो," त्या म्हणाल्या.

"म्हणून तर तुमची पोरं समुद्र बुलढाण्यात दाखवायची."

तिघंही हसले. केतकीने पन्नासवर रेघ मारली. वरिष्ठांना हा सोपेपणा इतका आवडला की सगळ्याच कुलपांत तो आला, आणि मामांना कंपनीकडून मानाचं पत्र मिळालं. ते त्यांनी फ्रेम करून, कुठेही लावत नाही असं म्हणत, दिवाणखान्यात लावलं.

कुलूप चोख निघालं. फौजदार दोन-चार दिवस नाक घासून कंटाळला. त्र्यंबकरावांनी कारखान्याच्या शिस्तीने एक वही घातली. पडद्यावरच्या नोंदी रोज त्यात उतरवायच्या. वेळ, आणि पुढे दोन रकाने, माणूस आणि प्राणी. संध्याकाळी सातला कुमुदताई त्यांचा पेला भरून आणत. स्वतः थेंब घेत नसत, पण भरण्यात त्यांची ऐट होती. फेस बरोबर दोन बोटं.

"तुमच्या बिअरला कडब्याचा वास येतो," असं रोज म्हणत आणि पेला हातात देत.

असं वर्ष-दीड वर्ष चाललं. मग एका संध्याकाळी पेला आला नाही.

"तुमचं तुम्ही घ्या आता," कुमुदताई म्हणाल्या. "मी काय जन्मभर बार चालवू?"

त्र्यंबकरावांना वाटलं, रुसली. कशावरून, हे विचारायची पद्धत त्यांच्या संसारात नव्हती. रुसवा आपोआप निघायचा. ते आपला पेला आपण भरू लागले. फेस कधी चार बोटं व्हायचा, कधी एक.

त्याच सुमाराला वहीतला प्राण्यांचा रकाना पुन्हा भरू लागला. आणि वेळ ठरलेली. सकाळी अकराच्या पुढेमागे. प्राणी, रोखले. प्राणी, रोखले. त्या वेळी त्र्यंबकराव कॉलनीच्या वाचनालयात वर्तमानपत्रांवर शेरे मारत बसलेले असत. साडेबाराला घरी येत.

"फौजदार, पुन्हा सुरू का तुझं?" त्यांनी एकदा खडसावलं. फौजदारने एक कान उभा केला.

"अकराला तो अंगणात असतो," कुमुदताई म्हणाल्या.

"नोंद आहे."

"असेल बाई."

एके दिवशी ते घरी आले तर स्वयंपाकघरात घोटाभर बिअर. फेस देवघराच्या पायरीला लागला होता. ओट्याखाली एक व्हॉल्व्ह होता, वीज गेली तर कुलपाला वळसा घालून नळ सोडायचा. तो उघडा होता आणि वरचा नळ वाहत होता. फौजदारचं जर्मनचं पाण्याचं भांडं ओट्याशेजारी कलंडलं होतं आणि फौजदार फरशीवर आडवा, डोळे अर्धे, धाप लागलेली. कुमुदताई मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होत्या. त्या आत आल्या आणि दारातच थांबल्या.

सय्यद मॅडमनी या वेळी त्याला तीन दिवस ठेवून घेतलं. परत देताना त्या काही बोलल्या नाहीत. मागच्या वेळी सगळं बोलून झालं होतं.

त्र्यंबकरावांनी वही उघडली. अकरा आठ, प्राणी, रोखले. त्याखाली पाच वेळा तेच. मग व्हॉल्व्ह. "बघ, वरून जमेना म्हणून खालून उघडायला शिकला. आणि भांडं घेऊन आला होता, एवढा निर्ढावला."

कुमुदताई बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "अहो, माझ्याच हातून तर नाही ना झालं?"

"तुझ्या हातून कसं होईल? प्राणी लिहिलंय ना समोर."

"हो ना," त्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा एकदम सैल झाला. "प्राणीच लिहिलंय."

तो चेहरा त्र्यंबकरावांनी पुढे फार वेळा आठवला.

फौजदारचा जीव वाचवायचा तर त्याचं घर बदलणं हाच उपाय, असं त्यांनी ठरवलं. कुमुदताईंचे चुलतभाऊ सखाहरी यांची पैठणच्या बाजूला मोसंबीची बाग होती. तिथे फौजदारला पाठवायचं. बिअरचा नळच काढून टाकावा, हे तेव्हा सुचलं नाही असं नाही. सुचलं होतं. पण पास झालेलं यंत्र काढायचं आणि नापास झालेला कुत्रा ठेवायचा, हे त्यांच्या शिस्तीत बसेना.

"नका पाठवू त्याला," कुमुदताई एकदाच म्हणाल्या. सखाहरींची गाडी फाटकाशी लागली तेव्हा त्या भांडं घेऊन आल्या. "हे द्या बरोबर."

"अक्का, तिकडं भांडी हायेत की," सखाहरी म्हणाले. फौजदार मागच्या सीटवर उभा राहून, दोन्ही कान उभे करून बघत होता. दोन्ही कान उभे त्याने पहिल्यांदाच केले. भांडं घरीच राहिलं.

त्र्यंबकरावांनी व्हॉल्व्ह तारेने घट्ट बांधून टाकला. चार दिवस वही उघडायचं मन झालं नाही. पाचव्या दिवशी उघडली, पडद्यावरच्या नोंदी उतरवायला घेतल्या, आणि पेन थांबलं.

सोमवार, अकरा सात. प्राणी, रोखले. मंगळवार, अकरा दहा. प्राणी, रोखले, चार वेळा. बुधवार. गुरुवार.

घरात प्राणी नव्हता.

आधी त्यांनी मांजर शोधलं. खिडकीची जाळी तपासली, शेजारच्या तडवळकर वहिनींना विचारलं की तुमची मनी इकडे येते का. मनी गेल्या वर्षी वारली, असं कळलं. तेव्हा शुक्रवारी ते वाचनालयात जातो म्हणून निघाले, मागून येऊन जिन्याखाली बसले. तिथून स्वयंपाकघर दिसायचं.

अकरा वाजता कुमुदताई आल्या. हातात फौजदारचं भांडं. डावीकडच्या नळाकडे त्यांचा हात निघाला आणि मध्येच, जसं खोलीत आल्यावर आपण कशाला आलो ते विसरावं, तसा हवेत थांबला. पुन्हा निघाला. दांडीच्या बाजूला लागला, घसरला. पडद्यावर लाल ठिपका. पुन्हा. लाल ठिपका. त्या चिडल्या नाहीत.

"आजपण नाही का रे पाणी," त्या नळाला म्हणाल्या.

मग त्या वाकल्या आणि खालचा व्हॉल्व्ह चाचपू लागल्या. या शहरात आठ-आठ दिवसांनी पाणी येतं. वर पाणी नसलं की खालचा व्हॉल्व्ह फिरवून बघायचा, हे इथल्या कुठल्याही बाईला शिकवावं लागत नाही. तारेने बांधलेला व्हॉल्व्ह हलला नाही. त्या भांडं छातीशी धरून उभ्या राहिल्या.

त्र्यंबकराव आत गेले. आपण जिन्याखाली काय करत होतो, याचं काय कारण सांगावं ते त्यांना सुचेना. कुमुदताईंनी विचारलंच नाही.

"पाणी गेलंय हो. त्याला तहान लागली असेल."

त्यांनी उजवीकडचा नळ दाबून भांडं भरून दिलं. कुमुदताई त्या नळाकडे कौतुकाने बघत राहिल्या.

"हा कधी बसवलात?"

त्या दुपारी केतकीला फोन झाला. ती कुलपातल्या नोंदी उघडू लागली. फक्त कळफलकाचा आवाज येत होता.

"आकडे आहेत, मामा. कुलूप आकडा दाखवत नाही, पण ठेवतं. सकाळचे आणि संध्याकाळी सातचे, दोन्ही. पहिल्या महिन्यात मामीचा शहाऐंशी आहे. मग एक्याऐंशी. गेल्याच्या गेल्या दिवाळीत एकाहत्तर. तिच्या पुढच्या संक्रांतीला चौसष्ट. असा पायरी-पायरीने उतरलाय. पन्नासपर्यंत ते माणूस लिहीत राहिलं, आणि एकोणपन्नासला..."

"पेला द्यायची बंद झाली ती तेव्हाच."

"हो."

म्हणजे नळ उघडेना म्हणून. आणि ते सांगायची लाज वाटली म्हणून.

"पिवळा दिवा कधी लागला असता?"

"नको ना, मामा."

"सांग. मी तपासनीस आहे."

"चौदा महिन्यांपूर्वी."

मग केतकी म्हणाली, "रेघ मीच मारली होती," आणि त्र्यंबकराव म्हणाले, "पेन माझं होतं."

मेंदूच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि रोगाचं नाव सांगितलं. हल्ली यावर चांगली इंजेक्शनं आली होती, आजार जागच्या जागी थोपवणारी. फक्त ती पहिल्या वर्षात सुरू व्हावी लागत. "सालभर आधी आला असतात तर," डॉक्टर म्हणाले. ते रागावून म्हणाले असते तर त्र्यंबकरावांना बरं वाटलं असतं. ते अगदी सौजन्याने म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते फौजदारला आणायला मोसंबीच्या बागेत गेले. सखाहरी बांधावर उभे होते. गाडीत कुणी आहे का, हे ते वाकून बघू लागले.

"दाजी, त्यो आला न्हाई का तुमच्याकडं? तिसऱ्या दिवशीच दावं तोडून गेला. म्या म्हणलं घरी पोचला आसंल. तुमचा फोन न्हाई, म्हंजी पोचला."

"मला वाटलं, तुमचा फोन नाही, म्हणजे रमला."

पुढचे चार दिवस त्र्यंबकराव पैठण रस्त्यावर वीसच्या वेगाने गाडी चालवत होते. मागचे लोक भोंगे वाजवत, ओलांडताना आत डोकावून बघत आणि म्हातारा बघून बोलत नसत. प्रत्येक ढाब्यावर ते विचारत, पिवळट, एक कान उभा. असे सहा कुत्रे त्यांना दाखवण्यात आले. त्यांतला कुणीच फौजदार नव्हता.

केतकीने कंपनीत भांडून तिसरा रकाना परत आणला. जाहिरातीत पिवळ्या दिव्याला 'आपुलकी' असं नाव दिलं गेलं आणि त्याला एक बक्षीसही मिळालं. गावोगावची माणसं त्या दिव्याने वेळेवर डॉक्टरकडे पोचली, असं ती सांगते. ती मामांना बरं वाटावं म्हणून सांगते. त्र्यंबकरावांना बरं वाटतंही, पण ते लोकांच्या घरातलं बरं असतं.

बिअरचं यंत्र त्यांनी रिकामं करून देऊन टाकलं. डावीकडच्या नळाला पुन्हा पाणी जोडलं. मानाच्या पत्राची फ्रेम काढली. भिंतीवर चौकोन राहिला. कुलूप मात्र नळावर तसंच आहे. ते काढणं चार स्क्रूंचं काम आहे, आणि पेचकस कुठल्या खणात आहे तेही त्यांना माहीत आहे.

आता ते वाचनालयात जात नाहीत. अकरा वाजता कुमुदताई भांडं घेऊन येतात. त्यांचा हात निघतो, वाटेत थांबतो, आणि त्र्यंबकराव मागून त्यावर आपला हात ठेवतात. दोन हात मिळून दांडीशी हळू होतात. पडद्यावर हिरवा ठिपका लागतो. माणूस.

"तुम्ही मध्ये कशाला?" कुमुदताई कधी कधी म्हणतात. "मला येतं की."

"तुला येतं. मला शिकायचंय."

"मग नीट धरा," त्या म्हणतात. मास्तरणीचा आवाज अजून शाबूत आहे.

भांडं भरतं. ते दोघं धरून फाटकाबाहेर, नेहमीच्या जागी ठेवतात.

"कुठे गेलाय हो फौजदार?"

"येईल. गस्तीवर गेलाय."

हे ते रोज सांगतात. खोटं बोलल्याची टोचणी पहिल्यांदा फार लागायची; आता त्यांना खात्री नसते की हे खोटं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी भांडं रिकामं असतं. कधी पूर्ण, कधी तळाशी बोटभर पाणी. त्या रस्त्याला चिमण्या येतात, साळुंक्या येतात, परक्या गल्लीतले कुत्रे येतात, आणि इथल्या उन्हालाही तहान कमी नाही. त्र्यंबकराव वाकून भांड्याची कड बघतात, मातीत पावलं दिसतात का बघतात. कधी दिसतात. ती कुणाची, हे ठरत नाही.

मग ते आत येऊन वही उघडतात. पट्टीने पानावर आणखी एक रेघ मारून त्यांनी तिसरा रकाना आखला आहे. त्यात तारीख घालतात आणि तिच्यापुढे, एकतीस वर्षांत जो शब्द त्यांनी कुणालाही लिहू दिला नाही, तो सुवाच्य अक्षरात लिहितात. अनिश्चित.